गोड पाण्याचा धसका

बाटली प्लास्टिकची होती. या प्रकरणातली बरीचशी गोष्ट त्या एका बाटलीवर उभी आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकली.

१९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांपाशी दोन अणुबॉम्ब फोडले. मुद्दाम नांगरून ठेवलेल्या जहाजांचं काय होतं ते नौदलाला बघायचं होतं. त्यातली काही जहाजं नंतर सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या हंटर्स पॉइंटच्या गोदीत आणली गेली, आणि किरणोत्साराने माखलेलं जहाज साबणपाण्याने स्वच्छ होत नाही हे तिथे सगळ्यांच्या लक्षात आलं. त्याच गोदीत नौदलाची किरणोत्सार संरक्षण प्रयोगशाळा उभी राहिली. जहाजांपाठोपाठ तिथे उंदीर आले, आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला जॉन गार्सिया नावाचा एक तरुण मानसशास्त्रज्ञही आला.

गार्सिया तसे फार तरुणही नव्हते. जन्म १९१७ चा, कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाचा. आईवडील स्पेनहून आलेले शेतमजूर. गार्सियांनी आधी ट्रकचा मेकॅनिक म्हणून हात काळे केले, मग गोदीत जहाजांवर काम केलं, युद्धात हवाई दलात गेले आणि त्यानंतर बर्कलीच्या विद्यापीठात शिकले. हे सगळं सांगण्याचं कारण असं, की यंत्र नीट चालत नसेल तर मेकॅनिक आधी नळ्या, जोड आणि बाटल्या बघतो. सिद्धान्ताकडे तो शेवटी वळतो.

उंदरांना आठवड्यातून ठरावीक वेळी किरणांच्या कक्षात ठेवायचे. दर खेपेला ते तिथे आधीच्या खेपेपेक्षा कमी पाणी पीत. पिंजऱ्यात परत आले की पिणं पूर्ववत. आजारी पडले म्हणावं, तर आजार दाराशी थांबतो कसा? गार्सियांनी दोन्हीकडच्या बाटल्या पाहिल्या. पिंजऱ्यातल्या काचेच्या होत्या, किरणकक्षातल्या प्लास्टिकच्या. प्लास्टिकमुळे पाण्याला बारीकशी चव येत होती. उंदीर पाणी टाळत नव्हते, ते ती चव टाळत होते.

त्या काळी विचारला जाणारा प्रश्न वेगळाच होता. प्राण्याला एखादी गोष्ट शिकवायची, मग त्याच्यावर किरण सोडायचे आणि शिकलेलं किती पुसलं गेलं ते मोजायचं. अणुयुद्धाच्या सावटाखाली लष्कराला हेच हवं होतं, कारण किरणांचा मारा बसलेला वैमानिक विमान चालवू शकेल का हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी माकडांना विजेचा झटका टाळायला शिकवून मग त्यांच्यावर जीवघेण्या मात्रा सोडण्याचे प्रयोगही झाले. आज त्यांची वर्णनं वाचवत नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये हॅरी हार्लो यांनी आणि इतर ठिकाणी इतरांनी ऱ्हीसस माकडांना कोडी घातली. कुठल्या झाकणाखाली दाणा आहे, कोणता आकार निवडला की बक्षीस मिळतं, असली ती कोडी. संपूर्ण अंगावर क्ष-किरण घेतलेली माकडं खंगली, पण कोडी सोडवत राहिली. काही चाचण्यांत तर ती निरोगी माकडांपेक्षा सरस निघाली. त्यांची बुद्धी वाढली नव्हती. आजूबाजूला बघण्याची, चाळे करण्याची हौस कमी झाल्याने ती समोरच्या ताटलीकडे जास्त लक्ष देत होती, एवढंच.

सोव्हिएत संघात मात्र पाव्हलॉव्हची परंपरा होती आणि तिथले शास्त्रज्ञ उलट सांगत होते. थोड्या मात्रेनेसुद्धा कुत्र्यांच्या शिकलेल्या प्रतिक्षेपांत चढउतार दिसतात, मज्जासंस्था किरणांना संवेदनशील आहे, असं त्यांचं म्हणणं. १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी आपले होमी भाभा होते. तिथे रशियनांनी आपलं काम मांडलं आणि अमेरिकनांनी ते संशयाने ऐकलं. त्या वादात शीतयुद्ध किती आणि शास्त्र किती हे वेगळं काढणं अवघड आहे. पण दोन्ही बाजू एकच गृहीत धरून चालल्या होत्या: किरण करणार आणि प्राणी सोसणार. सोसता सोसता प्राणी त्या किरणांविषयीच काही शिकून घेईल, हे कोणाच्या मनात आलं नाही.

त्याच १९५५ साली गार्सिया, डोनाल्ड किमेलडॉर्फ आणि रॉबर्ट कोएलिंग यांचा एक छोटासा लेख ‘सायन्स’मध्ये आला. प्लास्टिकच्या चवीऐवजी त्यांनी सॅकरिनचं गोड पाणी वापरलं होतं. गोड पाणी मिळालं की उंदीर साध्या पाण्याकडे ढुंकूनही बघत नाही. या उंदरांना गोड पाणी पीत असताना काही तास गॅमा किरणांत ठेवलं. मात्रा होती ३० रोंटजेन आणि ५७ रोंटजेन. उंदीर मारायचा तर यातल्या लहान मात्रेच्या वीस पटींहून जास्त लागते. या मात्रेने केस गळत नाहीत, वजन घटत नाही, बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. नंतर दोन बाटल्या समोर ठेवल्या, तेव्हा या उंदरांनी गोड पाण्याकडे पाठ फिरवली. हा धसका कित्येक आठवडे टिकला. प्रयोगशाळेतली भारी यंत्रं जे नुसतं मोजत होती, ते उंदरांना जाणवत होतं आणि त्यांनी ते एका चवीच्या नावावर मांडून ठेवलं होतं.

आपल्याकडे ज्यांना गाडी लागते त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. एसटी घाटाला लागली की आई पिशवीतून लिमलेटची गोळी काढून हातावर ठेवायची, उलटी होऊ नये म्हणून. व्हायची ती व्हायचीच. पुढे जन्मभर त्या गोळीचा नुसता वास आला तरी पोटात ढवळतं. गोळीचा काही दोष नव्हता हे माहीत असूनही ढवळतं. दोष घाटाचा, वळणांचा, ड्रायव्हरचा. पण पोट त्यांच्यावर आळ घेत नाही. खिडकीवर किंवा एसटीच्या लाल रंगावरही घेत नाही. गोळीवरच घेतं. आता ही गोळी जरा बाजूला ठेवू, ती पुढे लागणार आहे.

आळ नेमका चवीवरच का, या प्रश्नाने गार्सियांना दहा वर्षं पछाडलं. तेव्हाच्या वर्तनवादी मानसशास्त्राचे दोन नियम जवळजवळ धर्मवचनांसारखे होते. पहिला असा, की कुठलीही खूण कुठल्याही परिणामाशी जोडता येते. घंटा, दिवा, वास, चव, सगळं सारखंच. दुसरा असा, की खूण आणि परिणाम यांत फार तर काही सेकंदांचं अंतर चालतं. पाव्हलॉव्हची घंटा आणि अन्न यांत तासाभराचा खंड पडला असता तर कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटलं नसतं.

१९६६ साली गार्सिया आणि कोएलिंग यांनी जो प्रयोग छापला, तो मला मानसशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. उंदराची जीभ नळीला लागली की विजेचं मंडल पुरं व्हायचं, दिवा लुकलुकायचा आणि टक् असा आवाज यायचा. पाणी गोडही होतं. म्हणजे प्रत्येक घोटाबरोबर चव, उजेड आणि आवाज हे तिन्ही एकदम. मग काही उंदरांना क्ष-किरणांनी किंवा लिथियम क्लोराइडने मळमळ आणली. बाकीच्यांच्या पायाला विजेचा झटका दिला. त्यानंतर खुणा वेगळ्या केल्या: एकदा नुसतं गोड पाणी, उजेड-आवाज नाही, एकदा नुसतं साधं पाणी, पण उजेड-आवाजासकट. मळमळलेल्या उंदरांनी गोड पाणी सोडलं, पण उजेड-आवाजाचं पाणी ते निवांत पीत राहिले. झटका खाल्लेल्यांनी नेमकं उलट केलं. त्यांना गोडाचं काही वाटेना आणि दिवा लुकलुकला की ते मागे सरत. प्राणी तेच, पाणी तेच, खुणाही त्याच. फक्त दुखणं कुठलं, त्यावरून आळ कोणावर घ्यायचा हे ठरलं.

म्हणजे पाटी कोरी नव्हतीच. पोटातलं दुखणं खाल्ल्या-प्यायल्याचं आणि कातडीवरचं दुखणं दिसल्या-ऐकल्याचं, अशी वाटणी उंदीर जन्मतःच घेऊन आला होता. उंदराच्या आयुष्याकडे पाहिलं तर यात नवल नाही. त्याला उलटी करता येत नाही. शरीराची तशी रचनाच नाही. एकदा गिळलेलं बाहेर काढायची सोय नसेल, तर दुसऱ्यांदा न गिळण्याची सोय पक्की हवी.

दुसरा नियमही त्याच वर्षी मोडला. चव आणि मळमळ यांत तासाभराहून जास्त अंतर ठेवलं तरी उंदीर त्यांची सांगड घालतात, असं गार्सियांनी दाखवलं. लगेचच १९६७ मध्ये स्मिथ आणि रोल यांनी सॅकरिन पाजल्यानंतर तासन्‌तास थांबून क्ष-किरण दिले. सहा तासांचं अंतर पडलं तरी धसका स्पष्ट होता, बारा तासांनीही त्याची खूण उरली होती. काही सेकंदांच्या नियमाचं पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. तरीही आघाडीच्या नियतकालिकांनी गार्सियांचे लेख परत पाठवले आणि उजेड-आवाजाचा तो सुंदर प्रयोग अखेर एका कमी नावाच्या नियतकालिकात आला. कक्कू घड्याळातल्या लाकडी पक्ष्याने शिटावं, तितकंच हे संभवनीय आहे, असं एका तज्ज्ञाने म्हटल्याचं गार्सिया पुढे मजेने सांगत. त्यांना पीएच.डी. मिळाली १९६५ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं. लाकडी पक्ष्याने मनावर घेतलं होतं.

किरण तर दिसत नाहीत, लागत नाहीत. मग उंदराला कळतं कसं? डोकं झाकून पोटावर किरण सोडले तर धसका जोरात बसतो. पोट झाकून डोक्यावर सोडले तर त्यामानाने फारच कमी. किरण घेतलेल्या उंदराच्या रक्तातला द्रव दुसऱ्या, किरण न घेतलेल्या उंदराला टोचला, तर तोही गोड पाण्याला भिऊ लागतो. म्हणजे निरोप रक्तातून जातो. हिस्टामीनविरोधी औषध आधी दिलं तर धसका बसत नाही, त्यावरून निरोप्यांपैकी एकाचा सुगावा लागला. आणि निरोप पोचतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या ‘एरिया पोस्ट्रेमा’ या इवल्याशा भागात. मेंदूभोवती रक्तातली विषं गाळणारी जी भिंत असते ती इथे मुद्दाम सैल ठेवलेली आहे, रक्त चाखून बघण्यासाठी. हा भाग काढून टाकलेले उंदीर किरणांनंतरही गोड पाणी आनंदाने पितात. माणसाला उलटी करवणारी यंत्रणाही याच भागाशी जोडलेली आहे.

इथे एक फाटा आहे, तो सोडवत नाही. झोपलेल्या उंदरावर क्ष-किरण सोडले तर तो काही सेकंदांत जागा होतो, हे १९६२ मध्ये दिसलं. पोटाचा निरोप इतक्या लवकर येणं शक्य नाही. शोध घेता ते काम नाकाचं निघालं. मेंदूतला वास ओळखणारा भाग काढला की उंदीर घोरत राहतो. म्हणजे एक ताबडतोबीची जाणीव नाकाची आणि दुसरी उशिराची पोटाची. धसका बसतो तो या उशिरा येणाऱ्या निरोपामुळे.

आपला शेतकरी यातलं निम्मं आधीपासून जाणून आहे. झिंक फॉस्फाईड घालायचं तर आधी दोन-तीन दिवस बिळापाशी बिनविषारी भरडा ठेवायचा, आणि उंदीर सरावले की मग औषध मिसळायचं. कारण उंदीर आधी चाखतो. थोडक्यात बचावला तर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. ब्रोमॅडिओलोनसारख्या रक्त न गोठू देणाऱ्या औषधांना ही अडचण येत नाही, कारण त्यांचा परिणाम काही दिवसांनी दिसतो. बारा तासांची आठवण इतकी लांब पुरत नाही. याच्या उलट उपयोग गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये करून पाहिला. मेंढीच्या मांसात लिथियम क्लोराइड घालून ते कोयोटांना खाऊ घातलं, आणि त्या कोल्ह्यांच्या भाऊबंदांनी मेंढ्यांवर झडप घालणं सोडलं.

आता ती गोळी बाहेर काढू. कर्करोगाच्या उपचारांत माणसाच्या पोटाचं जे होतं, ते या उंदरांच्या पोटाचंच आहे. सिएटलमध्ये इलीन बर्नस्टाइन यांनी केमोथेरपी घेणाऱ्या मुलांना उपचाराच्या थोडं आधी एका अनोळखी चवीचं आइस्क्रीम दिलं. काही आठवड्यांनी विचारलं, पुन्हा आइस्क्रीम हवं की खेळ हवा? त्यातल्या फक्त २१ टक्के मुलांनी आइस्क्रीम मागितलं. ज्यांना आइस्क्रीमबरोबर मळमळ आणणारा उपचार मिळाला नव्हता किंवा ज्यांनी ते आधी खाल्लंच नव्हतं, त्या मुलांत हे प्रमाण ६७ आणि ७३ टक्के होतं. १९७८ चा हा अभ्यास. मग बर्नस्टाइन आणि ब्रोबर्ग यांनी एक युक्ती काढली. जेवण आणि उपचार यांच्या मधल्या वेळात मुलाला ठसठशीत, वेगळ्या चवीची एक गोळी चघळायला द्यायची. पोट आळ घेतं तो गोळीवर, आणि वरणभातासारखं रोजचं जेवण सुटतं. घाटातली आई नकळत हेच करत होती. डब्यातल्या पोळीभाजीवरचं बालंट तिने गोळीवर ढकललं होतं.

इथवर उंदराने किरणांविषयी काय शिकलं ते पाहिलं. जुना प्रश्न अजून तसाच आहे: किरण शिकण्याची ताकद बिघडवतात का? माकडांच्या प्रयोगांनंतर बराच काळ नाही असंच मानत. त्यामागे एक दणकट कारणही होतं. १९०६ मध्ये बर्गोनिए आणि ट्रिबोंडो या फ्रेंच संशोधकांनी नियम सांगितला होता, की ज्या पेशी भराभर विभागतात त्यांनाच किरणांचा फटका जास्त. म्हणून केस गळतात, आतड्याचं अस्तर झडतं, रक्तपेशी घटतात. मोठ्या वयात मेंदूतल्या पेशी विभागतच नाहीत, तेव्हा मेंदू सुरक्षित. तर्क बिनचूक होता, त्याचा पायाच कच्चा निघाला. उंदराच्या मोठ्या वयातल्या मेंदूतही नव्या चेतापेशी जन्मतात, असं जोसेफ ऑल्टमन साठच्या दशकापासून सांगत होते. त्यांचंही गार्सियांसारखंच झालं, बराच काळ कोणी ऐकलं नाही. त्या नव्या पेशी जन्मतात नेमक्या हिप्पोकॅम्पसमध्ये, जिथे जागांची आणि घटनांची आठवण घडते.

२००२ मध्ये मिशेल मोन्जे आणि थिओ पामर यांनी उंदरांच्या मेंदूला १० ग्रे मात्रा दिली. नव्या पेशींचा जन्म जवळजवळ थांबला. बाहेरून निरोगी मूळपेशी आणून तिथे रोवल्या, तर त्यांच्याही चेतापेशी होईनात. बी चांगलं होतं, जमीन बिघडली होती, कारण किरणांनी तिथे दाह पेटता ठेवला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी इंडोमेथॅसिन हे दाहशामक दिलं आणि काही प्रमाणात पेशी पुन्हा जन्मू लागल्या.

मग वागण्यात काय दिसतं? इथे चाचणी कोणती लावता यावर उत्तर बदलतं, आणि ही गोष्ट वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत कधी येत नाही. जेकब रेबर आणि सहकाऱ्यांनी छोट्या जातीच्या उंदरांना हीच मात्रा देऊन तीन महिन्यांनी दोन परीक्षा घेतल्या. एका उघड्या गोल चौथऱ्याच्या कडेला बरीच भोकं होती, त्यातल्या एकातच लपायला जागा. ती जागा लक्षात ठेवण्यात उंदीर कमी पडले. दुसऱ्या परीक्षेत गढूळ पाण्यात बुडवलेला पाट पोहत शोधायचा होता. तिथे ते तितकेच हुशार निघाले. पन्नाशीच्या दशकातल्या माकडांना कोडी जमली म्हणून मेंदू शाबूत ठरला, त्याचा अर्थ कदाचित इतकाच होता, की न बिघडलेलंच तेवढं त्या कोड्यांनी तपासलं होतं.

याचा उपयोग दवाखान्यात झाला. कर्करोग मेंदूत पसरला की पूर्ण मेंदूवर किरण द्यावे लागतात, आणि नंतर रुग्ण विसराळू होतात. म्हणून किरणांची आखणी अशी करू लागले, की हिप्पोकॅम्पसला कमीत कमी मात्रा मिळावी. ५१८ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. अशा आखणीने बुद्धीच्या घसरणीचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला.

आणि आता मंगळ. तिकडे जाणाऱ्या यानात रोज सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते, असं क्युरिऑसिटी गाडीवरच्या उपकरणाने वाटेतच मोजून सांगितलं. त्यात लोह, ऑक्सिजन अशा अणूंचे जड, वेगवान कण असतात, ते क्ष-किरणांसारखे विरळ पसरत नाहीत, सुईसारखे आरपार जातात. न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन इथे २००३ पासून असे कण उंदरांवर सोडण्याची सोय आहे. २०१५ मध्ये चार्ल्स लिमोली यांच्या गटाने ऑक्सिजन आणि टायटॅनियमच्या कणांची ०.०५ आणि ०.३ ग्रे इतकी अल्प मात्रा दिली. सहा आठवड्यांनी छोटे उंदीर नवी वस्तू आणि ओळखीची वस्तू यांत फरक करीनासे झाले, आणि त्यांच्या चेतापेशींच्या फांद्या खुरटलेल्या दिसल्या. मंगळाच्या वाटेवर हीच मात्रा महिनोन्‌महिने विखरून मिळेल, प्रयोगात ती काही मिनिटांत मिळाली. हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर काम चालू आहे. दुसरं असं, की सगळे उंदीर सारखे बिघडत नाहीत. एकाच मात्रेत काही ढेपाळतात, काहींना काही होत नाही.

बर्नार्ड रेबिन यांनी ब्रूकहेवनच्या लोहकणांसाठी वापरलेली एक चाचणी गार्सियांच्या घरचीच आहे. उंदराला गोड पाणी पाजायचं आणि मग ॲम्फेटामीन टोचायचं. निरोगी उंदीर त्या गोडाचा धसका घेतो. लोहकणांचा मारा बसलेल्या उंदराला लिथियमने मळमळ आणली तर तोही घेतो, पण ॲम्फेटामीनचा धडा त्याच्या मेंदूत उमटत नाही, कारण तो धडा ज्या डोपामिनच्या वाटेने जातो तीच उखडलेली असते. खाण्यात २ टक्के स्ट्रॉबेरीचा अर्क मिसळला तर काही उंदीर वाचतात. बाकीच्यांसमोर दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली ठेवली, की ते पुढे येतात आणि गोड पाणी आवडीने पितात. हंटर्स पॉइंटला बाटलीकडे पाठ फिरवणारा उंदीर काळजीत टाकत होता; इथे वहीत खूण होते ती बाटली रिकामी करणाऱ्याच्या नावापुढे.